राखीव टेंडर हातचं जातं कुठे

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीत आमचं स्टील फर्निचरचं छोटं युनिट आहे. शाळेचे बेंच, कपाटं, दवाखान्याच्या खाटा, रॅक असा माल आम्ही करतो. शेड वडिलांनी टाकली, पुढे कारभार माझ्याकडे आला. निम्म्याहून जास्त माल सरकारी आणि निमसरकारी कार्यालयांत जातो, त्यामुळे वाळूज-शेंद्र्याकडची धंद्यात आलेली नवी मुलं-मुली भेटायला येतात. प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : "ताई, टेंडर लघुउद्योगांसाठी राखीव होतं, तरी मोठ्यानेच नेलं. आता काय करायचं?" एकेकाला सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहूनच काढते.

1. आधी खरेदीदार कोण ते बघा, मग नियम काढा

लघुउद्योगांसाठीचा केंद्राचा खरेदी आदेश 2012 चा. 1 एप्रिल 2012 पासून तो लागू झाला. 2006 च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्याच्या कलम 11 खाली तो निघालेला आहे. केंद्राची मंत्रालयं, खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांनी वर्षभराच्या खरेदीतला ठरावीक हिस्सा सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा. आधी हा हिस्सा 20 टक्के होता, 2018 च्या दुरुस्तीनंतर 25 टक्के झाला. त्यातले 4 टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांसाठी आणि 3 टक्के महिला उद्योजकांसाठी. शिवाय 358 वस्तूंची वेगळी यादी आहे, त्या वस्तू फक्त सूक्ष्म-लघु उद्योगांकडूनच घ्यायच्या. स्टीलचं कपाट, खुर्ची, खाट, रॅक, ट्रंक हे सगळं त्या यादीत आहे. आमच्यासारख्यांचं पोट त्या यादीवर आहे.

पण हा आदेश रेल्वेला लागतो, छावणीला लागतो, अजिंठा-वेरूळ सांभाळणाऱ्या पुरातत्त्व खात्याला लागतो. जिल्हा परिषदेला आणि महापालिकेला लागत नाही. तिथे राज्याची खरेदीची नियमपुस्तिका चालते. उद्योग खात्याने 1 डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयाने ती सुधारून काढली. जिल्हा परिषदेच्या टेबलावर केंद्राचा आदेश आपटून भांडणारे मी पाहिलेत. समोरचा कारकून शांतपणे "हा आम्हाला लागू नाही" म्हणतो आणि तो बरोबर असतो. बांधकामाच्या लहान कामांत सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुले कंत्राटदार अशी वाटणी असते, ते प्रकरण आणखी निराळं. तक्रारीच्या पहिल्याच ओळीत चुकीचा नियम लिहिला की पुढचं कोणी वाचत नाही.

2. टेंडर जातं ते उघडायच्या आधी

लोक दर उघडायच्या दिवशी जागे होतात. तोवर सगळं ठरून गेलेलं असतं. राखीव हिस्सा जातो तो पात्रतेच्या अटींत आणि स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे निविदा प्रसिद्ध झाली त्याच दिवशी.

मराठवाड्यातल्या एका निमसरकारी कार्यालयाचं बेंचचं टेंडर मला अजून आठवतं. वरवर सगळं ठीक होतं. लघुउद्योगांना बयाणा रक्कम माफ, निविदा शुल्क माफ, सगळं शिस्तीत लिहिलेलं. आत पानं उलटत गेले तर पाइपच्या भिंतीची जाडी अशी मागितलेली, जी आपल्याकडच्या डीलरकडे सहसा मिळत नाही, सांगून काढून घ्यावी लागते. बेंचच्या कडेचा प्लास्टिकचा भाग एका विशिष्ट घडणीचा. तसा साचा ज्याच्याकडे आहे तो कारखाना एकच आणि आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला तो माहीत. त्याखाली अट : मागच्या तीन वर्षांची सरासरी उलाढाल इतकी, की या गावातलं एकही फर्निचरचं लघुयुनिट तिथवर पोचणार नाही.

निविदापूर्व बैठकीला मी आमचाच एक बेंच टेम्पोत घालून नेला. व्हर्नियर काढून अधिकाऱ्यांसमोर पाइप मोजून दाखवला, आमच्या जाडीवर बेंच किती भार घेतो त्याचा चाचणी अहवाल ठेवला आणि एकच विचारलं, "साहेब, या जादा जाडीने मुलांचा काय फायदा होतो, ते लेखी द्याल का?" कोणी उत्तर दिलं नाही. मी प्रश्न लेखी देऊन आवक शिक्का मारलेली पोच घेतली. पुढे शुद्धिपत्रक निघालं, जाडीची अट बदलली, साच्याची अट गेली. उलाढालीची राहिली, ती थोडी खाली आली.

त्या दिवशी बैठकीला लघुउद्योगांतले मोजकेच होते. बाकीच्यांनी नंतर तक्रारी केल्या आणि प्रत्येकाला एकच उत्तर मिळालं : अटी मान्य करूनच तुम्ही निविदा भरलीत. कोर्टही बहुधा हेच म्हणतं. म्हणून अट आवडली नाही तर भरण्याआधी लेखी हरकत घ्या, भरल्यावर घेतलेल्या हरकतीला वजन राहत नाही.

3. एल-वन अधिक पंधराचं गणित नीट समजून घ्या

एल-वन म्हणजे सगळ्यात कमी दर भरणारा. लघुउद्योगाला त्याच्याहून पंधरा टक्के जास्त दर मिळतो, असा गैरसमज सगळीकडे आहे. तसं नाही. समजा 2,000 बेंच हवेत आणि मोठ्या कंपनीचा सगळ्यात कमी दर 4,000 रुपये आला. पंधरा टक्क्यांचा पट्टा 4,600 पर्यंत जातो. तुम्ही 4,450 भरले असतील तर तुम्ही पट्ट्यात आहात. मग तुम्हाला विचारलं जातं : 4,000 ला देता का? हो म्हणालात तर ऑर्डरचा किमान 25 टक्के हिस्सा, म्हणजे 500 बेंच, तुमचा. पट्ट्यात तुमच्यासारखे आणखी लघुउद्योग असतील तर त्यांच्यात वाटणी. ऑर्डर तोडता येण्यासारखी नसेल तर पूर्ण ऑर्डरही लघुउद्योगाला देता येते. एल-वन स्वतःच सूक्ष्म किंवा लघु असेल तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

म्हणजे तुम्हाला मिळते ती दर जुळवण्याची संधी. 4,000 ला तुमचा बेंच निघतो का, हे पत्र्याचा आजचा भाव, पावडर कोटिंग, वाहतूक आणि पैसे थकण्याचा काळ धरून आधीच काढून ठेवा. होकार द्यायला फार वेळ मिळत नाही. नुकसानीत होकार देऊन नंतर पाइपची जाडी कमी करणारे आपल्यातही आहेत. ते सगळ्या लघुउद्योगांचं नाव घालवतात आणि पुढच्या टेंडरात जाचक अट घालायला साहेबांना आयतं कारण देतात.

4. उद्यम प्रमाणपत्र वर्षातून एकदा तरी उघडून वाचा

उद्यम म्हणजे आपल्या उद्योगाची सरकारी नोंदणी, तिच्यात उद्योगाचा कोड असतो. फर्निचर बनवणाऱ्याचा कोड 31 ने सुरू होतो. 45, 46 किंवा 47 ने सुरू होणारा कोड म्हणजे व्यापार. 2021 पासून व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते खरी, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती, सरकारी खरेदीतली सवलत त्यांना नाही. नोंदणी करून देणाऱ्या सेंटरवाल्याने घाईत व्यापाराचा कोड टाकला, म्हणून स्वतःची शेड आणि स्वतःचं वेल्डिंग असलेला कारखानदार अपात्र ठरल्याची उदाहरणं माझ्या ओळखीत आहेत. 1 एप्रिल 2025 पासून मर्यादाही वाढल्या आहेत : सूक्ष्मसाठी गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल 10 कोटींपर्यंत, लघुसाठी 25 कोटी आणि 100 कोटींपर्यंत. काल मध्यम असलेला आज लघु होऊन तुमच्याच रांगेत उभा राहू शकतो, हे दर भरताना ध्यानात असू द्या.

5. मोठ्या कामात लहान माल गुंडाळला जातो, तिथे नजर ठेवा

ही आजची सगळ्यात मोठी लूट आहे आणि तिच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. दवाखान्याची इमारत बांधायची निघते. त्याच कंत्राटात खाटा, कपाटं, रॅक, बेंच घातले जातात. कागदावर ते बांधकामाचं काम होतं आणि कामाच्या कंत्राटाला लघुउद्योगांचा खरेदी आदेश लागत नाही. एरवी जी खाट फक्त आपल्याकडूनच घ्यावी लागली असती, ती आता इमारतीच्या कंत्राटदाराच्या मर्जीवर जाते. तो मग आपल्यालाच फोन करतो आणि सरकारकडून घेतो त्याच्या कितीतरी कमी दराने मागतो. दुसरी तऱ्हा अशी की अनेक तालुक्यांची गरज एकत्र करून एकच भलंमोठं टेंडर काढायचं. मग उलाढालीची मोठी अट आपसूकच रास्त वाटू लागते.

याविरुद्ध आपल्या राज्यात बायका लढल्या आणि जिंकल्या, हे नव्या पोरांना माहीतच नसतं. अंगणवाडीच्या पोषण आहारात कंत्राटदार नकोत, गावातल्या महिला मंडळांना आणि बचत गटांना प्राधान्य द्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश ऑक्टोबर 2004 पासून होता. तरी महाराष्ट्रात महिला संस्थांच्या नावाआडून मोठेच पुरवठादार आहार पुरवतात, असे आरोप वर्षानुवर्षं झाले. मार्च 2016 मध्ये राज्याने घरपोच आहाराची नवी निविदा काढली. कामाचे मोठाले गट पाडले आणि अटी अशा ठेवल्या की साध्या बचत गटाने जवळही फिरकू नये. वैष्णोराणी महिला बचत गट आणि इतर गटांनी ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं. फेब्रुवारी 2019 मध्ये न्यायालयाने ही प्रक्रिया रद्द केली आणि नव्याने निविदा काढायला सांगितलं. सुमारे 6,300 कोटींचं ते काम होतं. घरी चकल्या-पापड करून गटाचे हप्ते भरणाऱ्या बायकांनी हे केलं, याचा मला मनापासून अभिमान आहे. मात्र निविदा 2016 ची आणि निकाल 2019 चा. मधली तीन वर्षं कोणी परत देत नाही.

म्हणून एकत्रित टेंडर दिसलं की निविदापूर्व बैठकीतच लेखी मागणी करा : फर्निचर वेगळं काढा, तालुकानिहाय भाग पाडा. दर वेळी ऐकतात असं नाही. पण अर्ज फाइलला लागला की पुढच्या लेखापरीक्षणात तो बोलतो.

6. नावापुरते लघु आणि नावापुरत्या महिला

मोठ्या घराने भावाच्या, मेहुण्याच्या, बायकोच्या नावावर वेगळ्या पॅनची फर्म काढायची, त्याच आवारात पाटी लावायची आणि राखीव हिस्सा उचलायचा, हे उघड गुपित आहे. एकाच पॅनवरची सगळी युनिटं एकच धरतात, पण पॅन वेगळा केला की व्यवस्था आंधळी होते. महिला उद्योजक म्हणून मला याची जास्त चीड येते. 3 टक्क्यांच्या जागेवर सही बाईची आणि डिजिटल सिग्नेचरचं डोंगल नवऱ्याच्या खिशात, अशा फर्मशी मला स्पर्धा करावी लागते. भगिनींनो, कागदावर मालक असाल तर कारखान्यातही मालक व्हा. दर तुम्ही काढा, बैठकीला तुम्ही या. अधिकाऱ्यांनी सुरुवातीला "साहेब नाही आले का?" म्हणून मलाही विचारलंय. पुढे विचारेनासे झाले.

अशा फर्मविरुद्ध तक्रार करायची तर मोघम लिहू नका. एकच पत्ता, एकच वीजजोडणी, एकच फोन नंबर, दोन्ही निविदांत तेच बँक खातं किंवा तीच चूक असलेला मजकूर, असं काहीतरी हाती असेल तेवढंच लिहा. अमेरिकेत याची रीतसर सोय आहे. विजेता खरोखर लघु आहे का, यावर हरलेला निविदाकार पाच कामकाजाच्या दिवसांत हरकत घेऊ शकतो आणि लघुउद्योगांची सरकारी यंत्रणा ती तपासते. आपल्याकडे तक्रार ऐकतो तो बहुधा ज्याने टेंडर काढलं तोच अधिकारी.

7. अपात्र ठरवलं तर त्याच दिवशी कारण मागा

केंद्राच्या वित्तीय नियमांत, 2017 च्या नियम 173 मध्ये, स्पष्ट आहे की निविदाकाराला अटींवर, प्रक्रियेवर आणि नामंजुरीवर प्रश्न विचारता आले पाहिजेत आणि विचारल्यावर नामंजुरीचं कारण सांगितलं पाहिजे. नियमाचा क्रमांक लिहून पत्र द्या, सूर बदलतो. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर तांत्रिक तपासणीत बाद झालात तर हरकतीची खिडकी फार थोडा वेळ उघडी असते. शुक्रवारी संध्याकाळी निकाल टाकला तर शनिवार-रविवार त्यातच जातात. रोज सकाळी पोर्टल उघडायला एक जबाबदार माणूस नेमा. अकाउंटंट महिन्यातून दोनदा बघतो, तेवढ्यावर भागत नाही.

माहितीचा अधिकार चांगला आहे, पण उत्तराला 30 दिवस असतात. तोवर पुरवठा आदेश निघून ट्रक रवाना झालेला असतो. तो अर्ज पुढच्या लढाईच्या पुराव्यासाठी करा, या टेंडरासाठी त्यावर विसंबू नका.

उशिराचं मोल काय असतं, ते मुंबई विमानतळाच्या 1979 च्या खटल्यात दिसतं. तिथल्या उपाहारगृहाच्या निविदेत अनुभवाची अट होती. ज्याला काम मिळालं त्याच्याकडे तो अनुभव नव्हता. रमणा शेट्टी सर्वोच्च न्यायालयात गेले. सरकारने स्वतः घातलेली अट सरकारलाच मोडता येत नाही, हा पाया त्या निकालाने घातला आणि आजही प्रत्येक टेंडरच्या खटल्यात त्याचा दाखला निघतो. पण खुद्द शेट्टींना काही मिळालं नाही. ते पाच महिने उशिरा आले, मधल्या काळात दुसऱ्याने पैसा घातला, म्हणून न्यायालयाने कंत्राट रद्द केलं नाही.

8. कोर्टाकडून काय मिळेल, ते समजूनच जालना रोडची पायरी चढा

आपलं भाग्य की उच्च न्यायालयाचं खंडपीठ गावातच, जालना रोडवर आहे. लातूर-नांदेडच्या माणसाला त्यासाठी प्रवास करावा लागतो. पण कोर्ट निविदा तपासून दुसरा विजेता ठरवत नाही. प्रक्रिया मनमानी होती का, कुणाला ठरवून फायदा दिला का, एवढंच बघतं. 2016 च्या नागपूर मेट्रोच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निविदेच्या कागदाचा अर्थ ज्याने तो लिहिला त्यालाच सगळ्यात नीट कळतो, त्यात हेतू वाईट नसेल तर कोर्टाने पडू नये.

आपल्यासाठी महत्त्वाचा निकाल फेब्रुवारी 2025 चा. लाइफकेअर इनोव्हेशन्स या औषध बनवणाऱ्या लघुउद्योगाने किमान उलाढालीच्या अटीला आव्हान दिलं होतं. न्यायालय म्हणालं, 2012 च्या खरेदी आदेशाला कायद्याचं बळ आहे, 25 टक्क्यांचं उद्दिष्ट पाळणं खात्यांवर बंधनकारक आहे आणि ते पाळलं नाही तर जाब विचारता येतो. पण एखाद्या उद्योगाला 'मला कंत्राट द्याच' असा वैयक्तिक हक्क त्यातून मिळत नाही. उलाढालीच्या अटींचं काय करायचं, ते लघुउद्योग मंत्रालयाच्या समितीने बघावं, असंही न्यायालयाने सांगितलं. माझ्या मते हा अर्धा विजय आहे आणि तो वापरायला हवा. तुमच्या पत्रात 'माझं टेंडर गेलं' असं लिहिण्यापेक्षा 'तुमच्या खात्याने या वर्षी किती टक्के खरेदी लघुउद्योगांकडून केली?' असं विचारा. त्या प्रश्नाला कायद्याने उत्तर द्यावं लागतं.

9. एकटे जाऊ नका

एकट्याने तक्रार केली की पुढच्या ऑर्डरीत तपासणी कडक होते, बिल अडतं. हे कोणी लेखी देणार नाही, पण घडतं. म्हणून हरकत मसिआ किंवा सीएमआयए या आपल्या उद्योजक संघटनांच्या लेटरहेडवर जाऊ द्या. संघटनेने विचारलेला प्रश्न अनेकांचा असतो.

10. पैसे थकले तर भीड धरू नका

टेंडर मिळालं, माल गेला आणि बिल अडकलं, ही आपली कायमची कथा. एमएसएमईडी कायद्याप्रमाणे 45 दिवसांच्या पुढे पैसे थकवता येत नाहीत. थकवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावं लागतं. ऑनलाइन अर्ज केला की प्रकरण फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जातं. तिथे निकाल तुमच्या बाजूने लागला आणि समोरच्याला आव्हान द्यायचं असेल तर त्याला आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. एवढं भक्कम संरक्षण फार थोड्या कायद्यांत आहे. मात्र नोंदणी करारानंतरची असेल तर हे संरक्षण मिळतं का, यावर सर्वोच्च न्यायालयात अजून वाद आहे. म्हणून उद्यम आधी, ऑर्डर नंतर. पुढचं काम जाईल या भीतीने लोक अर्ज करत नाहीत. थकलेल्या पैशावर बँकेचं व्याज भरत बसण्यापेक्षा ते काम गेलेलं परवडतं.

11. आता मागणी कायद्याची करायला हवी

तामिळनाडूत सरकारी निविदांचा कायदा 1998 चा आहे, कर्नाटकात 1999 चा, राजस्थानात 2012 चा. तिथे निविदाकाराला अपिलाची वाट कायद्यानेच दिलेली आहे. केंद्रात 2012 साली सार्वजनिक खरेदीचं विधेयक आलं आणि 2014 मध्ये लोकसभेची मुदत संपताच ते बारगळलं. महाराष्ट्रात खरेदी आजही शासन निर्णयांवर चालते. ज्याने अट घातली त्याच्याकडेच दाद मागायची, नाहीतर थेट खंडपीठात वकील उभा करायचा, यांच्या मधली पायरीच नाही. पन्नास-साठ लाखांच्या ऑर्डरसाठी कोणता लघुउद्योजक हायकोर्टात जाईल?

खरेदीदार खात्याशी संबंध नसलेली, पंधरा-वीस दिवसांत निकाल देणारी आणि तोवर पुरवठा आदेश रोखू शकणारी एक अपील यंत्रणा महाराष्ट्रात कायद्याने उभी राहिली पाहिजे. मराठवाड्यातल्या प्रत्येक लघुउद्योजकाने आपल्या आमदाराला या मागणीचं एक पत्र लिहावं आणि त्याची पोच जपून ठेवावी.